जाऊबाईंचे डबे आणि सासूबाईंच्या पायाच्या मुंग्या

पत्र असं आहे:

"नमस्कार ताई. आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. माझी मोठी जाऊ मागच्या वर्षीपासून वेलनेस कोच झाली आहे. आधी तिने सासूबाईंसाठी शुगरवाल्यांची पावडर आणली. मग मुलासाठी व्हे प्रोटीन, माझ्यासाठी कोलॅजन, यांच्यासाठी ओमेगा-३ च्या कॅप्सूल, सगळ्यांसाठी प्रोबायोटिक गमी आणि नाचणीची बिस्किटं. महिन्याचे नऊ हजार रुपये यातच जातात. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, शुगरसाठी बारा वर्षांपासून मेटफॉर्मिन घेतात. आम्ही सगळे शाकाहारी, मुलगा तेवढा अंडी खातो. सासूबाईंना काही महिन्यांपासून तळपायाला मुंग्या येतात, थकवा असतो. जाऊ म्हणते, शरीर डिटॉक्स होत आहे, बंद होईल आपोआप. मुलगा १७ वर्षांचा, बारावीला आहे, जिमला जातो. रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात म्हणून सासूबाई ते निवडून फेकतात. त्यावर जाऊ म्हणते, बघा, अन्नच असं झालंय म्हणून पावडर लागते. यातलं खरं किती? काय ठेवू, काय बंद करू? आणि जावेला कसं सांगू? सासूबाईंचा तिच्यावर जास्त विश्वास आहे. डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवते आहे."

– संगीता (नाव बदललं आहे)

संगीताताई,

डब्यांचं नंतर बघू. आधी सासूबाईंचे पाय.

शरीरातली घाण बाहेर पडताना तळपायाला मुंग्या येतात, असं वैद्यकशास्त्रात कुठेही नाही. अशा मुंग्या येत राहतात त्या बहुधा नसांना इजा होत असते म्हणून. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत दोन कारणं अगदी समोर दिसतात. एक म्हणजे जुनी शुगर; ती वर्षानुवर्षं नसा पोखरते. दुसरं कारण घराघरात सुटून जातं, ते जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता. हे जीवनसत्त्व आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतलं की त्या शोषणात अडथळा येतो. त्यात तुमचं घर शाकाहारी. बी-१२ निसर्गतः मिळतं ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच. भाज्या-डाळींतून ते मिळत नाही. दिवसभरात चहापुरतं दूध घेणारी शाकाहारी बाई आणि बारा वर्षांचं मेटफॉर्मिन, हे दोन्ही एकत्र आलं की बी-१२ तपासायलाच हवं. तपासणी कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये होते. रक्त द्यायला गेलातच तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), हिमोग्लोबिन, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन हेही त्याच वेळी करून घ्या. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नका. ते उत्तम औषध आहे. बी-१२ कमी निघालं तर डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शन देतील, आणि तो उपचार तुमच्या एका डब्यापेक्षा स्वस्त पडतो.

घाई का करते आहे, तेही सांगते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत, शुगरवाल्यांच्या पावडरमध्ये फॉलिक ॲसिड आहे. एरवी ते चांगलंच. पण बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड मिळत राहिलं तर हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं, सगळ्यांना वाटतं तब्येत सुधारते आहे, आणि नसांचं नुकसान मात्र आतून चालूच राहतं. ते फार काळ चालू राहिलं तर पूर्ण भरून येतंच असं नाही. म्हणून हा आठवडा जाऊ देऊ नका.

पावडर आणली गेली आणि तपासणी राहून गेली, हे तुमच्या एका घरात झालेलं नाही. नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यांच्या बाहेर बसलेल्या किती जणांच्या पिशवीत असे डबे असतात, ते मी बघते. कोणाला काय कमी आहे हे आधी कळलं पाहिजे, मग त्या कमतरतेपुरतं उत्पादन, तेही मोजून. या क्रमाने गेलं तर पोषणाच्या क्षेत्रातली उत्पादनं अक्षरशः जीव वाचवतात. फिनाइलकीटोनुरिया नावाच्या आजारात बाळाला प्रथिनांतलं फिनाइलअॅलनिन पचवता येत नाही, ते साठून मेंदूला इजा होते. अशा बाळासाठी तो एक घटक वगळून खास दुधाची पावडर बनते आणि तिच्यावर ते मूल शहाणंसुरतं वाढतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी आईच्या दुधात मिसळायचं पोषण असतं. पक्षाघातानंतर ज्यांना पाणी गिळताना ठसका लागतो, त्यांच्यासाठी पाणी घट्ट करणाऱ्या पावडरी असतात. आपल्याकडच्या नियमांत अशा उत्पादनांचा वेगळा वर्ग आहे आणि त्यावर 'वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावे' या अर्थाची सूचना छापावी लागते. हे नियम २०१६ चे, १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेले. त्यातच पूरक आहाराच्या डब्यांवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे औषध म्हणून वापरू नये, असं छापणंही सक्तीचं आहे. तुमची गमी, कोलॅजन आणि कॅप्सूल, तिन्हींच्या फोटोत ते बारीक अक्षरांत आहे. जाऊबाईंना ते दाखवा. ज्या डब्यावर कंपनी स्वतः 'हे औषध नाही' असं लिहिते, तो डबा कुठला आजार बरा करतो असं सांगून विकता येत नाही.

आता सासूबाईंची पावडर. पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलंय, साखर घातलेली नाही. खरं आहे ते. मागे घटकांच्या यादीत मात्र पहिलं नाव आहे माल्टोडेक्स्ट्रिन. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे डब्यात सर्वांत जास्त तेच आहे. मक्याच्या किंवा टॅपिओकाच्या स्टार्चचे एन्झाइमने तुकडे केले की माल्टोडेक्स्ट्रिन बनतं. पोषणाच्या तक्त्यात ते 'साखर' या ओळीत येत नाही, 'कर्बोदके' या ओळीत येतं. पोटात गेल्यावर मात्र ते जवळपास ग्लुकोजच्याच वेगाने रक्तात उतरतं. तुमच्या डब्यावर १०० ग्रॅममागे कर्बोदकं ६२ ग्रॅम आणि प्रथिनं १६ ग्रॅम आहेत. ३० ग्रॅमच्या एका मात्रेत प्रथिनं जेमतेम ५ ग्रॅम. ४०० ग्रॅमचा डबा ११०० रुपयांना, म्हणजे एका वेळेचे ऐंशीच्या वर रुपये. एवढी प्रथिनं एका वाटी घट्ट वरणातून मिळतात.

शुगरसाठीच्या सगळ्याच पावडरी अशा असतात असं नाही. काहींमध्ये आयसोमाल्ट्युलोजसारखी सावकाश पचणारी कर्बोदकं असतात, विरघळणारा तंतू असतो, प्रथिनं भरपूर असतात. ज्यांना जेवणच जात नाही, शस्त्रक्रियेनंतर वजन उतरलं आहे, त्यांना डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ त्या देतात. सासूबाई दोन वेळा जेवतात, मग ही पावडर बंद करा. वयामुळे त्यांना प्रथिनांची गरज मात्र खरोखर जास्त आहे. साठीनंतर स्नायू झडत जातात. मूत्रपिंड ठीक असेल तर वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज असावीत, आणि ती एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळा वाटलेली असावीत. सकाळी नुसते चहा-पोहे असतील तर पोह्यांबरोबर वाटीभर दही द्या. दुपारी भाकरीबरोबर चून (पिठलं) किंवा घट्ट वरण, रात्री दूध. ज्वारीच्या पिठात फुटाण्याचं पीठ मिसळलं तरी भाकर थापता येते. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम रोज करायला लावा. व्यायाम नसेल तर खाल्लेल्या प्रथिनांचा स्नायूंना पुरता उपयोग होत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर हे प्रथिनांचं गणित बदलतं, म्हणून ती तपासणी वर सांगितली.

मुलाच्या व्हेबद्दल. व्हे वाईट नाही, हे त्याला आधी सांगा, नाहीतर तो पुढचं ऐकणारच नाही. चीज बनवताना जे पाणी उरतं ते एके काळी फेकून दिलं जायचं. पुढे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून ते गाळून प्रथिनं वेगळी करणं आणि फवाऱ्याने वाळवणं जमलं आणि त्याची पावडर झाली. दुधाचंच ते प्रथिन, चांगलं पचणारं. प्रश्न आहे तो त्याला गरज आहे का आणि डब्यात लिहिलं तेच आहे का, हा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने १६ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला ५५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. दोन अंडी १२ ग्रॅम. मोठा पेला दूध ८. दिवसभरात दोन वाट्या वरण १२. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांची भाजी १५. पोळ्या, भाकर, भात मिळून आणखी १५ तरी. झाले ६२. याच संस्थेने मे २०२४ मध्ये काढलेल्या आहार-मार्गदर्शनात स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच वर्षी केरळमधल्या डॉक्टरांच्या गटाने बाजारातल्या ३६ पावडरी तपासल्या, त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांवर प्रथिनांचा आकडा खरा नव्हता. असं होतं कसं? प्रथिनं मोजताना बहुतेक वेळा थेट प्रथिनं मोजली जात नाहीत, नायट्रोजन मोजून त्याला ठरावीक गुणकाने गुणतात. मग ग्लायसिन, टॉरिन यांसारखे स्वस्त घटक मिसळले की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिनं वाढतात. तुमच्या फोटोत घटकांच्या यादीत ही दोन्ही नावं आहेत, प्रमाण न देता. तो डबा बंद. बारावीच्या धावपळीत त्याचं जेवण अगदीच चुकत असेल तर घटकांत फक्त व्हे असलेला, चव-रंग नसलेला, तपासणीचा अहवाल देणारा डबा घेऊन अर्धी मात्रा दुधात चालेल. जिमच्या काउंटरवर सुटा मिळणारा माल नको.

तुमचं कोलॅजन थांबवा. माशांच्या किंवा गुरांच्या कातडीतून काढलेलं हे प्रथिन पोटात गेलं की बाकी प्रथिनांसारखंच सुटं होतं; ते थेट चेहऱ्यावर जाऊन बसत नाही. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, नसतं, म्हणून प्रथिन म्हणूनही ते अपुरं. त्वचेवर किंचित फरक दाखवणारे काही अभ्यास आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांचा खर्च विकणाऱ्यांनीच केलेला आहे. आणि तुम्ही शाकाहारी आहात, हे तुम्हाला कोणी विचारलंही नाही. डब्यावरची शाकाहारी-मांसाहारीची खूण कोणत्या रंगाची आहे, ती बघा.

बिस्किटांवर नाचणीचं चित्र मोठं आहे. यादीत पहिला मैदा, मग साखर, पाम तेल, आणि नाचणी ११ टक्के. पुढे बोलायला नको.

प्रोबायोटिक गमीवर थोडं थांबते, कारण हा विषय आपल्या नागपूरच्या उन्हाशी जोडलेला आहे. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने घेतल्यावर फायदा करणारे जिवंत जीवाणू. जिवंत हवेत आणि पुरेसे हवेत. आपल्या नियमांप्रमाणे दिवसाच्या मात्रेत निदान १० कोटी तरी असावे लागतात. शिवाय फायदा नेमक्या वाणाचा, म्हणजे जीवाणूच्या ठरावीक उपप्रकाराचा असतो. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या वाणाचे अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांवर चांगले पुरावे आहेत. म्हणून कुठलाही लॅक्टोबॅसिलस तेच काम करेल असं नाही. तुमच्या गमीवर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस मिश्रण' लिहिलंय, वाण नाही, आणि मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील त्याचा आकडाही नाही. आता मे महिन्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ वर. कुरिअरची बंद गाडी दुपारभर उन्हात उभी. त्या खोक्यातल्या लॅक्टोबॅसिलसचं काय होत असेल? ते उष्णतेला फार नाजूक असतात. या अडचणीवर नवीन तंत्रज्ञानाने दोन उपाय काढलेत. बॅसिलस कोॲग्युलन्ससारखे जीवाणू स्वतःभोवती कठीण कवच बनवून बीजाणू होऊन राहतात. ते उष्णता सोसतात, म्हणून बिस्किटांत-पिठांतही घालता येतात. दुसरा उपाय म्हणजे जीवाणूंभोवती चरबीचं किंवा समुद्री शेवाळातून काढलेल्या अल्जिनेटचं बारीक आवरण चढवणं. दोन्ही चांगले, पण कशासाठी घेतोय ते ठरलेलं हवं. तुमच्या घरात कोणाला पोटाची तक्रार असल्याचं पत्रात नाही. मग घरी विरजलेलं ताजं दही पुरे. त्यातल्या जीवाणूंचं वाण आपल्याला ठाऊक नसतं, त्यामुळे शास्त्राच्या भाषेत त्याला प्रोबायोटिक म्हणता येणार नाही. पण प्रथिनं, कॅल्शियम आणि थोडं बी-१२ त्यातून नक्की मिळतं.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर न विचारलेलं एक सांगते. जुलाब-उलट्या झाल्या किंवा ऊन लागलं की दुकानातून ओआरएस म्हणून गोड पेयांचे डबे आणले जायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं आणि मीठ २.६ ग्रॅम. त्या पेयांत साखर याच्या कितीतरी पट. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यासाठी बरीच वर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. घरात औषधाच्या दुकानातली खरी पुडी ठेवा, घटक वाचून.

ओमेगा-३ ची कॅप्सूल म्हणजे तुमच्या फोटोप्रमाणे ५०० मिलिग्रॅम जवसाचं तेल. जवस! विदर्भातल्या बाईला जवस कॅप्सूलमधून विकलं जावं, याचं मला खरंच वाईट वाटलं. आपल्याकडे हे पीक पिढ्यान् पिढ्या आहे, नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्यावर संशोधन चालत आलं आहे. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा लिनोलेनिक आम्ल असतं, तेच वनस्पतींतलं ओमेगा-३. एका कॅप्सूलमध्ये ते पाव ग्रॅमच्या थोडं वर येतं. १० ग्रॅम कुटलेल्या जवसात २ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक मोठा चमचा चटणी सात-आठ कॅप्सूलच्या बरोबरीची, आणि वर तंतू मिळतो तो वेगळाच.

पण ती चटणी नीट करायला हवी. अख्खे जवस न चावता गिळले तर कवचासकट तसेच बाहेर पडतात, म्हणून कुटणं आवश्यक. मंद आचेवर लोखंडी कढईत तडतडेपर्यंत भाजा, काळे पडू देऊ नका. पूर्ण गार झाल्यावर लसूण, सुकी मिरची, जिरं, मीठ घालून जाडसर कुटा. एकदम महिन्याची करू नका. जवसाचं तेल हवेशी फार लवकर संयोग पावतं. याच गुणामुळे ते रंगकामात वापरतात. कुटलेली चटणी आठवडाभराचीच करा, घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा. रंगाच्या डब्यासारखा वास आला तर फेकून द्या. इतवारी बाजारातून जवस आणताना वास घेऊन आणा. सासूबाईंनी चटणी खाल्ली की पाणी पुरेसं प्यावं, आणि गोळ्यांच्या वेळेत दीड-दोन तासांचं अंतर ठेवावं, कारण जवसाचा चिकट तंतू औषधाचं शोषण लांबवू शकतो.

जवसाची एक मर्यादाही सांगायला हवी. हृदयासाठी आणि मेंदूसाठी ज्यांचे पुरावे आहेत ती ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ आम्लं, आणि शरीर जवसापासून ती फार थोडी बनवतं. माशांत ती असतात, पण मासा ती स्वतः फारशी बनवत नाही. समुद्रातल्या शेवाळातून ती त्याच्याकडे येतात. आता ते सूक्ष्म शेवाळ टाक्यांमध्ये वाढवून थेट त्यातून तेल काढतात. शाकाहारी लोकांसाठी ही या क्षेत्रातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी नवी गोष्ट आहे. यजमानांचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी करा. त्यात ट्रायग्लिसराइड हा चरबीचा प्रकार फार वाढलेला असेल तर ओमेगा-३ द्यायचं का, ते डॉक्टर ठरवतील. ती मात्रा औषधाची असते. वाढलेला नसेल तर चटणी.

आता ते प्लास्टिकचे दाणे. संगीताताई, तुमच्या अख्ख्या घरात खरोखर पोषण वाढवलेलं एकच अन्न येतं आणि सासूबाई तेच निवडून फेकतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळतात, पाण्याने मळतात, यंत्राच्या साच्यातून दाबून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि वाळवतात. साध्या शंभर दाण्यांत असा एक दाणा मिसळतात. रंग थोडा वेगळा दिसतो, काही दाणे पाण्यावर तरंगतात, म्हणून ही अफवा पसरली. खात्री करायची तर निवडलेले दाणे वाटीत पाणी घालून शिजवा आणि सासूबाईंसमोर बोटाने चुरडा. भातासारखे मऊ होतात. प्लास्टिक शिजून मऊ पीठ होत नाही. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२१ ला याची घोषणा केली आणि मार्च २०२४ पर्यंत रेशनसह सगळ्या सरकारी योजनांच्या तांदळात हे दाणे आले. एका किलोत लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम असावं असा नियम आहे. बी-१२ मात्र किलोला १ मायक्रोग्रॅमच्या आसपासच असतं, त्यामुळे या भाताने सासूबाईंची कमतरता भरून निघेल असं समजू नका. त्यांना उपचारच लागेल. पण फेकायचं कशाला?

आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत, त्यामुळे लोहाचं नाव निघालं की काळजी वाटते आणि ती वाटायलाच हवी. पूर्वी या तांदळाच्या पोत्यांवर सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी इशारा असायचा. तज्ज्ञांच्या समितीला अपाय होत असल्याचा पुरावा आढळला नाही, आणि २०२४ मध्ये तो काढण्यात आला. लोहाच्या गोळ्या आणि लोहाच्या गमींमधलं प्रमाण मात्र वेगळं असतं. नात्यात कोणाला यातला आजार असेल तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, कोणीही आणून दिल्या तरी.

राहिली जाऊ. तिच्यावर राग धरू नका. तिला जे शिकवलं गेलं तेच ती सांगते आहे, आणि बहुधा महिन्याच्या टार्गेटचं दडपणही असेल. सासूबाईंच्या डोळ्यांदेखत डब्यांवरून वाद घातलात तर तुम्ही हराल, कारण विश्वास तिच्याकडे आहे. म्हणून तिलाच बरोबर घ्या. "वहिनी, आईंच्या मुंग्या कमी होत नाहीयेत, रक्त तपासून डॉक्टरांकडे जाऊ, तुम्ही पण चला. तुम्हाला त्यांच्या डब्यांची माहिती आहे, डॉक्टर विचारतील." सगळे डबे पिशवीत घालून घेऊन जा. डिटॉक्सचं उत्तर तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आईंना काय द्यायचं आणि काय नाही, हा निर्णय मग तुमचा राहत नाही, डॉक्टरांचा होतो.

पैशांचं बोलणं मात्र तुम्ही करू नका. ते तुमच्या यजमानांनी आपल्या मोठ्या भावाशी करायचं, एकदाच आणि सरळ: "दादा, पुढच्या महिन्यापासून आम्ही काही घेणार नाही, मागवू नका." मन राखायला एखादा डबा चालू ठेवू नका, एक राहिला की त्यामागून चार येतात. न उघडलेले डबे परत द्या. थेट विक्रीचे, म्हणजे ओळखीपाळखीतून घरोघरी माल विकण्याचे, २०२१ चे नियम आहेत, त्यात माल परत घेण्याचं आणि पैसे परत करण्याचं धोरण ग्राहकाला सांगणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्यामुळे जाऊबाईंच्या खिशाला खार लावायची गरज नाही. त्यांनाच कंपनीकडे मागू द्या. कंपनीने टाळाटाळ केली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

वाचलेल्या पैशांतला पहिला खर्च सासूबाईंच्या तपासण्यांचा, दुसरा मुलाच्या अंड्या-दुधाचा. मोसमात संत्री आणा, सासूबाईंना दिवसाला एक, रस न काढता फोडी करून. रिपोर्ट आले की बी-१२, एचबीए१सी आणि क्रिएटिनिन हे तीन आकडे आणि सासूबाईंचं वजन मला लिहून पाठवा. त्यांना दिवसभरात प्रथिनं किती आणि कशातून द्यायची, ते त्यावरून ठरवू.